पडसं, मानमोडी आणि कोटवाराची वही

मागच्या बैठकीत आपल्या एका सभासदांनी घराण्याची वंशावळ आणली होती. घर मोहगावातलंच. कापडावर चिकटवलेला लांब कागद, वरच्या पिढ्या मोडीत आणि खालच्या बाळबोधीत. त्यात एका पिढीपाशी तीन जणांपुढे एकच शब्द लिहिलेला आहे, "मानमोडीत". त्यांतला एक घरचा अविवाहित मुलगा. बाकीच्या दोघी सुना. सुनांची नावं नाहीत, "अमक्याची पहिली" आणि "तमक्याची पहिली" एवढंच. साल नाही, तिथी नाही.

मानमोडी म्हणजे काय, असं आमच्यातल्या एका तरुण सभासदानं विचारलं. इन्फ्लुएंझा, १९१८ ची साथ, सर्दी-खोकला-तापाची, असं कोणीतरी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "सर्दीनं कोणी मरते का बा?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. त्याचं उत्तर नीट दिल्याशिवाय ती वंशावळ वाचता येत नाही, आणि १९१८ च्या सरकारी नोंदीही वाचता येत नाहीत. म्हणून हे टिपण.

आधी पडशाबद्दल. नाक, नाकाच्या आजूबाजूला कवटीच्या हाडांत असलेल्या पोकळ्या (ज्यांना आपण आता सायनस म्हणतो), घसा आणि स्वरयंत्रापर्यंतचा भाग हा श्वासमार्गाचा वरचा मजला समजा. त्याखाली श्वासनळी, तिच्या फांद्या आणि शेवटी फुप्फुस हा खालचा मजला. आत येणारी हवा गाळणं, कोमट करणं, ओलसर करणं हे वरच्या मजल्याचं काम. आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस सारखे हलत असतात. धूळ, जंतू त्या चिकट थरात अडकतात आणि हे केस त्यांना घशाकडे ढकलत नेतात. तिथून आपण ते न कळत गिळून टाकतो. शेंबूड म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो तो खरं म्हणजे घरचा राखणदार आहे.

साध्या पडशाचे विषाणू या वरच्या मजल्यावरच राहणारे. ऱ्हायनोव्हायरस हा त्यांतला सगळ्यात मोठा गोतावळा, त्याच्याच दीडशेच्या वर जाती आहेत. त्याला साधारण ३३ अंश सेल्सिअसची हवा मानवते, म्हणजे शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा थंड, नाकात असते तशी. तो सहसा खाली उतरत नाही. त्याच्याशिवाय सर्दीचे कोरोनाव्हायरस, ॲडिनोव्हायरस वगैरे आहेत. सगळे मिळून दोनशेच्या आसपास. एकाची ओळख शरीराला पटली की दुसरा येतो, म्हणून मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान पोरांना सहा-आठदा पडसं होतंच. नाक वाहतं, घसा खवखवतो, डोकं जड होतं, आठवड्यात उतरतं. औषध घेतलं तर सात दिवस, न घेतलं तर आठवडा, असं आपल्याकडे म्हणतात ते बरोबरच आहे.

आणि इतिहास लिहिणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. जे दरवर्षी सगळ्यांना होतं आणि कोणालाच मारत नाही, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. देवीच्या रोगाला शीतलामाता आहे, पटकीला मरीमाय आहे, त्यांची ठाणी अजून गावोगाव दिसतात. पडशाला देवी नाही. माझ्या माहितीत आपल्या भागातल्या सणावारात खोकल्याचं नाव घेतलं जातं ते एकाच ठिकाणी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन्ही मारबती १८८० च्या दशकापासूनच्या असल्याचं तिथले लोक सांगतात. त्या मिरवणुकीत ओरडून ओरडून मारबतीला सांगतात, की गावातली पीडा, रोगराई आणि खोकला घेऊन जा. त्याच दिवशी इकडे पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमार होते. नागपुरात खोकल्याला वेशीबाहेर घालवतात आणि पांढुर्ण्यात दगड चालतात, दिवस एकच.

आता १९१८ कडे येऊ. त्यासाठी आपला मुलूख तेव्हा कसा होता ते आठवायला हवं. आजचा पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला. त्याआधी हा सगळा भाग छिंदवाडा जिल्ह्यातला, आणि १९१८ साली छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. राजधानी नागपूर. रसेलसाहेबानं संपादित केलेल्या १९०७ च्या जिल्हा गॅझेटियरात घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा जेरघाट असे भाग सांगितले आहेत. आपला सौंसरचा तालुका म्हणजे हा जेरघाट. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, बोली मराठी, सोयरिकी सावनेर-काटोल-नागपूरकडच्या. कचेरी छिंदवाड्याला असली तरी माणसांची ये-जा नागपूरकडे.

ही ये-जा १९१३ नंतर फार वाढली, कारण त्या वर्षी नागपूर ते छिंदवाडा ही बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाइन सुरू झाली. सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना असं करत गाडी घाट चढून छिंदवाड्याला जाई. पांढुर्ण्यावरून जाणारी नागपूर-इटारसीची मोठी लाइन त्यानंतरची, १९२३ ते १९२५ या काळातली. म्हणजे साथ आली तेव्हा पांढुर्ण्याला रेल्वे नव्हती आणि मोहगावच्या लोकांना सौंसरचं ठेसन होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण "पांढुर्ण्याच्या ठेसनावरून साथ आली" असं आमच्याकडे बोललं जातं आणि ते तारखांत बसत नाही.

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. नागपूरच्या गिरणीतून सुट्टीवर निघालेला माणूस गाडीत बसताना धडधाकट, सौंसरला उतरला तेव्हाही धडधाकट, आणि घरी पोचून दोन दिवसांनी आडवा. बैलगाडीच्या काळात असा माणूस बहुतेक वाटेतच आजारी पडला असता. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये साथीवर जो पहिला अहवाल काढला, त्यात साथ पसरण्यात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचं म्हटलं आहे. आपल्या छोट्या लाइनला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

साथ दोनदा आली. पहिली लाट मुंबईच्या गोदीत जून १९१८ मध्ये दिसली. लोक चार दिवस तापले, अंग मोडून पडले आणि बहुतेक उठले. कोणी फारसं मनावर घेतलं नाही, पडशाचाच मोठा भाऊ समजले. दुसरी लाट सप्टेंबरात आली आणि ती वेगळीच निघाली. मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ माणसं मेली. मध्य प्रांतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिगेला पोचली.

इथे पंचांग जोडून पाहावं. त्या वर्षीच्या दसऱ्याची तारीख पक्की सांगता येते, कारण शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो त्याच दसऱ्याला, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी. म्हणजे पोळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीची अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमाराला. पोळ्याला मारबतीनं खोकला गावाबाहेर नेला, आणि महिनाभरानं तो रेल्वेनं परत आला. नवरात्र, दसऱ्याचं सोनं वाटणं, दिवाळीला माहेरी येणाऱ्या लेकी, सगळं नेमकं साथीच्या तोंडावर. वर्षही वाईट होतं. १९१८ चा पावसाळा विसाव्या शतकातल्या सर्वांत वाईट पावसाळ्यांपैकी एक. महायुद्धामुळे धान्य, कापड, मीठ सगळंच महाग झालेलं. जिथे थोडंफार पीक उभं होतं तिथे ते घ्यायला उठून उभं राहणारं माणूस घरात हवं ना.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. सर्दीनं माणूस मरत नाही, आणि मानमोडी ही सर्दी नव्हतीच. सुरुवात तशीच होते म्हणून आपण फसतो. नाक-घसा, कणकण, डोकेदुखी. पण इन्फ्लुएंझाचा विषाणू वरच्या मजल्यावर थांबायला बांधलेला नाही. तो श्वासनळीत उतरतो आणि मघाशी सांगितलेल्या त्या केसाळ अस्तराची सालटं काढतो. झाडूवाला मेला की गल्लीत कचरा साचतो, तसं होतं. एरवी नाक-घशात निमूट राहणारे जिवाणू मग मोकळ्या वाटेनं फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ साली मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकेत पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत असा मागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया सापडला. तापानंतर दोन-चार दिवस बरं वाटून माणूस पुन्हा तापतो, धाप लागते, ओठ-नखं निळी पडतात. मानमोडी हा शब्द पहिल्या दोन दिवसांचा आहे, मान वर उचलवत नाही तेव्हाचा. पुढच्या धापेला लोकांनी वेगळं नाव दिलं नाही.

एरवीचा फ्लू म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं नेतो. या साथीनं वीस ते चाळीस वयाच्या माणसांना गाठलं. आणि जगातल्या बऱ्याच देशांत पुरुष जास्त मेले, आपल्याकडे मात्र बायका जास्त मेल्या. १९२१ च्या शिरगणतीच्या अहवालातही हे आलं आहे. कारणं तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी दिली ती पटण्याजोगी आहेत. आजाऱ्याजवळ बसणारी बाई. अंधाऱ्या, धुरानं भरलेल्या खोलीत दिवसभर असणारी बाई. स्वतः तापली तरी चुलीपुढून न उठणारी बाई. पोटुशी असेल तर धोका आणखी मोठा. खाण्यातही सगळ्यांत शेवटचा वाटा तिचा. आपल्या तालुक्यात याला आणखी एक जोड द्यावी लागेल, कापूस वेचणीची. वेचणी बायकांची, आणि तिचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे.

डॉक्टर तरी काय करणार होते? बरेचसे युद्धावर गेलेले. आणि जे होते त्यांना शत्रू ठाऊक नव्हता. १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एक जिवाणू दाखवून हाच इन्फ्लुएंझाचा कर्ता म्हणून सांगितलं होतं, आणि १९१८ मध्ये बहुतेकजण तेच धरून चालले होते. खरा विषाणू माणसातून वेगळा काढला गेला १९३३ साली, लंडनमध्ये. पडशाचा ऱ्हायनोव्हायरस त्याच्याही नंतरचा, १९५६ चा. म्हणजे जो साधा तो आधी सापडला असं नाही, मारणारा आधी सापडला. १९१८ च्या विषाणूची पूर्ण रचना तर २००५ मध्ये हाती आली, आणि ती अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसातून मिळालेल्या नमुन्यांमुळे.

आपल्याकडे तेव्हा तापाचं औषध म्हणजे कोयनेल. टपाल कचेरीतून त्याच्या पुड्या विकल्या जात. हिवतापाला ते लागू, फ्लूला काही नाही. जिवाणूंच्या न्यूमोनियावर चालणारी औषधं पुढच्या दोन-तीन दशकांत आली, सल्फा आधी आणि पेनिसिलीन नंतर. घरात काढा, तुळस, हळदीचं दूध, तव्यावर तापवलेल्या ओव्याची पुरचुंडी. यानं विषाणू मरत नाही, पण नाक मोकळं होतं, घशाला बरं वाटतं. गरम पाणी पाजायला, पेज द्यायला कोणी जवळ असलं तर त्याचा उपयोग नक्की होता. घरातले सगळे एकदम आडवे झाले तिथे तेही नाही. पाण्याचा तांब्या हातात द्यायला कोणी नव्हतं म्हणून माणसं गेली, असं जुनी माणसं सांगत, आणि मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

आता कोटवाराची वही. आपल्याकडे गावातल्या जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोचवायचं काम कोटवाराचं. बहुतेकांना लिहिता येत नसे. ठरावीक दिवशी वही घेऊन ठाण्यात जायचं, तोंडी सांगायचं आणि मुन्शीनं लिहून घ्यायचं. मरणाच्या कारणासाठी ठरलेले रकाने होते. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, अपघात, इतर. पटकी आणि देवी कोटवाराला कळत. डोळ्यांना दिसतात. बाकी जवळजवळ सगळं "ताप". हिवताप ताप, विषमज्वर ताप, बाळंतरोग ताप, न्यूमोनिया ताप. माणूस मरताना तापलेला होता एवढंच कोटवाराला ठाऊक, आणि त्यात त्याची चूक काय?

म्हणून १९१८ च्या नोंदींत कोणी "इन्फ्लुएंझा" शोधत बसला तर हाती फार थोडं लागेल. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला "ताप" पाहायचा आणि आधीच्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्यांतल्या तापाशी ताडायचा. वरचा फुगवटा म्हणजे मानमोडी. व्हाइट यांनी आणि पुढे शिरगणतीवाल्यांनी साधारण हेच केलं. यात दुसरी अडचण अशी की साथीनं कोटवारही आडवा पडला. ज्या आठवड्यात सर्वांत जास्त माणसं मेली त्याच आठवड्यात खबर द्यायला कोणी ठाण्यावर गेलं नाही. तेव्हा वहीतला आकडा नेहमी कमीच धरायचा. साथ जितकी मोठी तितकी वही कोरी, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

व्हाइट यांच्या पहिल्या हिशेबात मध्य प्रांत व वऱ्हाडात सुमारे ७ लाख ९० हजार माणसं या साथीत गेली. हजारी जवळजवळ ५७. मुंबई इलाख्यात हजारी ४६ च्या आसपास, मद्रासेत १३ च्या आत, बंगालात पाचच्याही आत. इंग्रजी अमलाखालच्या मोठ्या प्रांतांत आपला प्रांत सगळ्यांत वर. साऱ्या हिंदुस्थानासाठी पहिला अंदाज साठ लाखांचा होता, १९२१ च्या शिरगणतीनं तो सव्वा कोटीपर्यंत नेला, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी १ कोटी ३८ लाखांच्या आसपास धरला आहे. स्पॅनिश फ्लू हे नाव तर फुकटच. स्पेन युद्धात नव्हतं, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती, त्यांनी छापलं आणि नाव त्यांच्या माथी बसलं.

प्रांताची शिरगणती सरळच बोलते. १९११ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या इंग्रजी मुलखात १ कोटी ३९ लाख माणसं होती, आणि १९२१ मध्येही १ कोटी ३९ लाखच. दहा वर्षांत काही हजारांची घटच. मधली सहा-सात वर्षं वाढलेली माणसं काही आठवड्यांत नाहीशी झाली. १९१९ मध्ये जन्मही कमी झाले. आया मेल्या होत्या, घरं मोडली होती.

बैठकीत एकानं सुचवलं, की हजारी ५७ धरून मोहगावचा आकडा काढून टाकू. मी त्याला तयार नाही. हजार वस्तीच्या गावात पाच-पाच माणसांची दोनशे घरं धरली तर ५७ मरणं म्हणजे दर तीन-चार घरांमागे एक, एवढं मनाशी समजायला तो आकडा ठीक आहे. पण सरासरी कुठल्याच एका गावात राहत नसते. मुंबई शहराचाच हिशेब पाहा. तिथे साथीत "खालच्या जातीचे हिंदू" या सरकारी सदरात हजारी ६१ च्या वर माणसं मेली, इतर हिंदूंत १९ च्या आत, आणि युरोपियनांत आठच्या थोडं वर. विषाणू एकच, शहर एकच. फरक खोलीचा, खाण्याचा, आणि आजारी पडल्यावर निजून राहायला मिळतं की नाही याचा. मोहगावातही वाडे होते आणि मोहल्ले होते. सगळ्यांवर ५७ चा एकच शिक्का मारला तर नेमकं जे शोधायचं तेच झाकलं जाईल. वंशावळी राहतात त्या जमीनवाल्या घरांच्या. ज्यांच्याकडे वंशावळ नाही त्यांच्यात मरण जास्त असावं, असंच मुंबईच्या आकड्यांवरून वाटतं.

एक गोष्ट जाता जाता. १९१८ साली गांधीजींना फ्लू झाला होता, असं पुष्कळ लेखांत येतं, आपल्या एका जुन्या टिपणातही आलं आहे. ऑगस्टमधलं त्यांचं ते मोठं आजारपण हगवणीचं होतं, त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलं आहे. दुरुस्ती करून घ्यावी.

पुढच्या साथींविषयी थोडक्यात. १९५७ चा आशियाई फ्लू मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला जहाजानं आला आणि देशभर पसरला. तोवर जिवाणूंवरची औषधं होती, म्हणून १९१८ झालं नाही. २०२० चा कोरोना तर सगळ्यांनी पाहिला. तोही नाक-घशात सुरू होऊन खाली उतरणारा, आणि त्याचे चार चुलतभाऊ नुसत्या सर्दीचे. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशानं महाराष्ट्राच्या बसगाड्या बंद केल्या तेव्हा आपल्या लोकांना कळलं, की आपली कचेरी एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात आहेत. १९१८ मध्ये ही सीमा नव्हती.

आता परत त्या वंशावळीकडे. साल नसताना "मानमोडीत" हा शब्द १९१८ चाच, असं कशावरून म्हणायचं? शब्द एकट्यानं पुरत नाही. पुढे कुठल्याही जबर तापाला लोक मानमोडी म्हणू लागले होते. पण गेलेले तिघे पाहा. तिघेही भर वयातले. त्याच घरातले सासू-सासरे पुढे कित्येक वर्षं जगले, त्यांच्या नावापुढे तसं स्पष्ट लिहिलं आहे. पटकी असती तर म्हातारी आणि पोरं आधी गेली असती, प्लेग असता तर घर सोडून शेतात राहायला गेल्याची आठवण घरात राहिली असती, जशी दुसऱ्या घरांत आहे. शिवाय दोन्ही भावांची दुसरी लग्नं लागलेली दिसतात, आणि एकाच्या दुसऱ्या लग्नातल्या थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला घरात आहे, त्यावर जन्म १९२१ चा. हिशेब बसतो.

त्या दोघींची नावं मात्र त्या कागदावर मिळायची नाहीत. ती शोधायची तर दुसऱ्या दोन ठिकाणी. एक त्यांची माहेरं. सावनेर-काटोलकडच्या एखाद्या घरच्या कागदात त्या मुलीच्या नावापुढे "मोहगावास दिली" असं लिहिलेलं असू शकतं. वाचकांपैकी कोणाकडे तसं असेल तर कळवावं. दुसरं, तीर्थाच्या उपाध्यायांच्या वह्या. अस्थी घेऊन नाशिकला किंवा प्रयागला जो गेला असेल, त्यानं यजमानाच्या पानावर गेलेल्यांची नावं सांगितली असतील. एका घरातले तिघे एका महिन्यात गेले असतील तर तीन नावं एकाखाली एक असतील, आणि सोबत तिथीही. आपल्या सभासदांना घराण्याच्या नाशिकच्या उपाध्यायांचं आडनाव ठाऊक आहे. दिवाळी झाली की जाऊन येतो म्हणाले.